लॅक्स्टनचे शिवार

इंग्लंडच्या ग्रामीण प्रदेशाचे जे चित्र शाळेतल्या इंग्रजी वाचनमालांपासून आपल्या मनात ठसलेले असते, त्यात हिरवीगार कुरणे असतात, त्या कुरणांचे चौकोन पाडणारी काटेरी झुडपांची कुंपणे असतात, कुंपणाच्या कोपऱ्यावर एखादा जुना ओक उभा असतो, आणि शेजाऱ्यापासून हाकेच्या अंतराबाहेर, आपल्याच शेताच्या मधोमध बांधलेले शेतकऱ्याचे विटांचे घर दूरवर दिसते. आणि हे सारे इतके स्वस्थ व स्वयंभू भासते, की सृष्टीच्या आरंभापासून हा देश असाच असला पाहिजे, अशी आपली सहजच समजूत होते. निदान मध्य इंग्लंडापुरती तरी ही समजूत खरी नाही. ती कुंपणे बहुतांशी अठराव्या शतकाच्या मध्यापासून पुढच्या शंभर वर्षांत लावली गेली. ती लावता यावीत म्हणून पार्लमेंटाने चार हजारांहून अधिक कायदे मंजूर केले. आणि त्या कायद्यांबरहुकूम नेमलेले आयुक्त व मोजणीदार गावोगाव हिंडून तेथील सामाईक शिवारे मोडीत, खासगी वाटे पाडीत आणि प्रत्येक वाट्याभोवती हॉथॉर्नची रोपे लावण्याचा हुकूम देत गेले. ज्या शोभेला आपण निसर्गाची म्हणून दाद देतो, तिचा मूळ आराखडा असा दफ्तरात झालेला आहे. तेव्हा नॉर्दॅम्प्टनशायरमध्ये असलेल्या हेल्पस्टन गावचा शेतमजूर कवी जॉन क्लेअर याच्या देखत त्याचे गाव या रीतीने कुंपणांत बांधले गेले (तेथील कायदा १८०९ चा), आणि ते दुःख त्याला जन्मभर पुरले.

या वाटणीतून ज्या गावाच्या शिवाराचा मोठा हिस्सा सुटला, ते गाव म्हणजे लॅक्स्टन. नॉटिंगहॅमशायर परगण्यात, शेरवुडच्या अरण्याच्या पूर्वेला, ऑलर्टनचे बाजाराचे गाव ओलांडून थोडे पुढे गेले, की तांबूस, चिवट चिकणमातीच्या चढउतारांवर ते लागते. गावाला आगगाडी नाही. न्यूअर्क किंवा रेटफर्ड या स्थानकांवर उतरून पुढचा रस्ता मोटारीने कापावा लागतो. माझी मुलगी व जावई नॉटिंगहॅमला राहत असल्यामुळे मला तेथे निरनिराळ्या ऋतूंत जाण्याचा योग आला, आणि पहिल्या वेळी जावयाने जो प्रश्न केला तो वाजवीच होता. तो म्हणाला, “बाबा, नांगरलेली शेतं बघायला सातारा सोडून इथवर कशाला यायचं?” मला तेव्हा त्याला समाधानकारक उत्तर देता आले नाही, पण गाडीतून जाताना दोन्ही बाजूंची कुंपणे एकाएकी संपली आणि काचेपलीकडे एका दमात अर्धा मैल उघडे रान पसरलेले दिसले, तेव्हा वेग कमी करणारा तोच होता.

गावात शिरताना मराठी माणसाच्या ध्यानात प्रथम येते ती घरांची दाटी. तांबड्या विटांची, वळणदार कौलांची शेतकऱ्यांची घरे रस्त्याच्या कडेने जवळजवळ उभी आहेत. पुष्कळशा घरांची बगलेची बाजू रस्त्याकडे आणि दर्शनी बाजू अंगणाकडे. घरामागे गोठा, धान्याचे कोठार, जनावरांचे आवार, आणि त्याच्याही मागे लांबट परसू. कुंपणे आल्यावर अन्य गावांतील मातब्बर शेतकरी गाव सोडून आपापल्या नव्या चकात राहावयास गेले, आणि त्यामुळे इंग्रज शेतकऱ्याचे ते एकाकी घर जन्मास आले. लॅक्स्टनच्या शेतकऱ्याला जाण्याजोगी जागाच नव्हती, कारण त्याची जमीन तिन्ही दिशांना विखुरलेली होती, आणि सर्वांपासून सारखी जवळ पडणारी जागा म्हणजे गावठाण. इंग्लंडात इतरत्र मला जे कधी जाणवले नव्हते ते येथे जाणवले, की सकाळी गावातून शेताकडे ‘जायचे’ असते आणि सायंकाळी शेतातून गावाकडे ‘यायचे’ असते.

शिवाराचे तीन मोठे भाग आहेत: वेस्ट फील्ड, मिल फील्ड आणि साउथ फील्ड. चौथे, पूर्वेकडचे, एकेकाळी होते. ते पुढे खासगी वाट्यांत विरून गेले. उरलेल्या तिघांचे मिळून सुमारे ४८० एकर क्षेत्र होते, आणि या तिन्ही भागांत प्रत्येक खातेदाराचे लांबट पट्टे इकडेतिकडे विखुरलेले आहेत, जेणेकरून चांगली जमीन व पाणथळ जमीन, उन्हाचा उतार व सावलीचा उतार, यांत सर्वांचा वाटा राहावा. एका भागात या वर्षी सर्वांनी हिवाळी गहू पेरायचा. पुढच्या वर्षी तेथेच वसंतात पेरायचे पीक, म्हणजे जव किंवा शेंगांचे एखादे पीक, घ्यायचे. आणि तिसऱ्या वर्षी त्या जमिनीला विश्रांती द्यायची. पूर्वी हे तिसरे रान खरोखरच उघडे नांगरून ठेवीत. हल्ली त्यात गवत व क्लोव्हर पेरून वैरण कापून नेण्याची मुभा आहे. पिकांचा क्रम असा गावाने ठरविलेला, कष्ट मात्र ज्याचे त्याचे आणि उत्पन्नही ज्याचे त्याचे. सामुदायिक शेतीच्या आशेने येथे येणाऱ्या ध्येयवादी मंडळींची थोडी निराशा होते, असे मला सांगण्यात आले.

या रानात सर्वांत नवलाची गोष्ट कोणती असेल तर ती म्हणजे बांध नाहीत. एका खातेदाराचा पट्टा संपतो आणि दुसऱ्याचा सुरू होतो तेथे फक्त एक सरी असते, नांगराच्या शेवटच्या तासाने पडलेली. तिच्या टोकाशी एखादी लाकडी खुंटी ठोकलेली असली तर असते. १९३८ साली ऑर्विन पतिपत्नींनी ‘द ओपन फील्ड्स’ हा जो ग्रंथ लॅक्स्टनवर लिहिला, त्यात त्यांनी या मुद्द्यावर विशेष भर दिला आहे, कारण तोवर विद्वानांची समजूत अशी होती, की जुन्या पद्धतीत पट्ट्यापट्ट्यांमध्ये गवताळ वरंबे असत. आपल्याकडे बांधावर बाभूळ उगवते, बांधावर न्याहारी होते, बांधावरून भाऊ भावाचा वैरी होतो, आणि ज्याला ‘बांध कोरणे’ म्हणतात त्या कलेत निष्णात असलेला गृहस्थ प्रत्येक गावात एक तरी असतोच. त्यामुळे बांधाविना शेजारशेती कशी चालत असेल, हा प्रश्न मला पहिल्या दिवसापासून छळू लागला. त्याचे उत्तर नोव्हेंबराअखेर मिळाले, व त्याबद्दल मी यथावकाश सांगेनच.

मुंबई इलाख्यात १९४७ साली जमिनीचे तुकडे पडण्यास प्रतिबंध करणारा व त्यांचे एकत्रीकरण करणारा कायदा झाला, आणि ‘तुकडेबंदी’ व ‘चकबंदी’ हे शब्द खेडोपाडी पोहोचले. विखुरलेले तुकडे म्हणजे शेतीचा रोग, असे निदान त्यामागे होते, आणि अठराव्या शतकातील आर्थर यंगप्रभृती इंग्रज सुधारकांचे निदानही अक्षरशः हेच होते. त्याच इंग्लंडातील शेतकी खात्याने आमच्या कायद्यानंतर अवघ्या पाच वर्षांनी, १९५२ मध्ये, लॅक्स्टनची जमीन विकत घेतली ती मात्र हे तुकडे जसेच्या तसे टिकावेत म्हणून. दोन्ही निर्णय आपापल्या जागी समंजसपणाचे होते असे मला वाटते. ज्या देशात अशी गावे हजारो होती तेथे ती मोडावीशी वाटावीत, आणि जेथे एखाद-दुसरेच उरले तेथे ते जपावेसे वाटावे, यात मनुष्यस्वभावाला धरूनच सारे आहे.

पूर्व व पश्चिमेकडील ग्रामसंस्थांची तुलना करण्याची हौसही काही नवी नव्हे. हिंदुस्थानच्या गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलात कायदेमंत्री म्हणून काम करून परतलेला सर हेन्री मेन याने १८७१ साली याच विषयावर ग्रंथ लिहून असे प्रतिपादन केले, की युरोपातून लुप्त होत चाललेली सामाईक शेतीची व्यवस्था हिंदुस्थानातील खेड्यांत अद्याप जिवंत पाहावयास मिळते. त्याच्या सिद्धान्तातील बराचसा भाग पुढील संशोधकांनी मोडीत काढला. आपल्याकडे त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ १९१५ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि महसूल खात्यात आयुष्य घालविलेल्या त्या गृहस्थाला मेनसारखी जुन्या खेड्याची भूल पडली नाही. आत्रे लॅक्स्टनला आले असते तर त्यांनी प्रथम पट्टे मोजले नसते. ज्यांना एकही पट्टा नव्हता असे किती जण या गावात राहत होते, हे त्यांनी आधी विचारले असते, असे माझ्या मनात अनेकदा आले. गावकुसाच्या आतले सारे गोड असते, ते आतल्यांना.

लॅक्स्टनची पहिली सरकारी नोंद १०८६ च्या डूम्सडे बुकातली. विल्यम राजाने इंग्लंड जिंकल्यावर गावोगावची जमीन, नांगर, कुळे व गिरण्या यांची जी जमाबंदी करविली, तीत हे गाव जेफ्री ॲल्सेलिन या नॉर्मन सरदाराच्या नावे चढलेले आहे. पुढच्या शतकात गावाच्या उत्तरेस मातीचा प्रचंड उंचवटा रचून त्यावर किल्ला बांधण्यात आला, आणि येथील जमीनदार घराण्याकडे शेरवुडच्या राखीव अरण्याचा वंशपरंपरागत कारभार आला. किल्ल्याचे लाकूड, दगड काहीही आता उरलेले नाही. उंचवटा आहे, त्यावर मेंढरे चरतात, आणि वर चढून गेले असता दम लागण्याचे सार्थक होईल एवढे मैदान नजरेत येते. सेंट मायकेलच्या चर्चमध्ये जमीनदार एव्हरिंगहॅम घराण्यातील मृतांच्या प्रतिमा निजलेल्या आहेत, त्यांतील एका स्त्रीची ओकाच्या लाकडातून कोरलेली आहे. चर्चचा एकोणिसाव्या शतकात जीर्णोद्धार करताना त्याची लांबी कमी करण्यात आली. धर्मस्थानाची चकबंदी म्हणावी, तशी.

याहून मोलाचा दस्तऐवज १६३५ सालचा. लंडनचा धनाढ्य व्यापारी सर विल्यम कोर्टेन याने ही जहागीर विकत घेतली होती, आणि आपण काय घेतले आहे ते कळावे म्हणून त्याने मार्क पीअर्स नावाच्या मोजणीदाराला पाचारण केले. पीअर्सने गावातील एकूणएक पट्टा मोजून खातेदारांच्या नावानिशी खतावणीत उतरविला व एक भला मोठा रंगीत नकाशा काढला. त्याकाळी पट्ट्यांची संख्या दोन हजारांच्या वर होती. विसाव्या शतकाच्या आरंभी जमीनदाराने केलेल्या एकत्रीकरणानंतर ती पार घटली आणि पट्टे रुंद झाले. मूळ नकाशा ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. प्रतिकृती पाहिली तरी डोळा तिच्यावर बराच वेळ खिळून राहतो, कारण या मोजणीदाराला केवळ रेघा ओढून समाधान झालेले नाही. त्याने शेताशेतांत बोटाच्या पेराएवढी माणसे चितारली आहेत. कोणी नांगर धरला आहे, कोणी कापणी करीत आहे, कोणी शिकारीच्या मागे धावत आहे. आमच्या भूमापन खात्याच्या नकाशांत विहीर, वाट आणि ओढा यांच्या खुणा असतात. माणसाची खूण मी अजून पाहिलेली नाही.

या कोर्टेनचे आपल्या किनाऱ्याशी असलेले नाते मला फार उशिरा समजले. ज्या वर्षी पीअर्स लॅक्स्टनची सरी न् सरी मोजीत होता, त्याच वर्षाच्या अखेरीस कोर्टेन व त्याचे भागीदार पहिल्या चार्ल्स राजाकडून ईस्ट इंडिया कंपनीच्या मक्तेदारीला बगल देणारा व्यापारी परवाना मिळवीत होते. जॉन वेडेलच्या हुकमतीखालचा त्यांचा तांडा १६३६ मध्ये निघून गोव्याला आला, पुढे चीनकडे गेला, आणि या मंडळींच्या वखारी भटकळ-कारवारच्या बाजूस उघडल्या. सर विल्यम स्वतः त्या १६३६ सालीच वारला. जहागीर लवकरच पिअरपॉंट घराण्याकडे गेली. शिवाजीमहाराज त्या वेळी पाच-सहा वर्षांचे होते, आणि मलिक अंबरच्या जमाबंदीची आठवण दख्खनेत ताजी होती. एकाच दिवाणखान्यात टेबलाच्या एका टोकाला नॉटिंगहॅमशायरच्या पट्ट्यांची खतावणी आणि दुसऱ्या टोकाला मलबार-कानडा किनाऱ्याचे नकाशे पसरलेले असावेत, ही कल्पना करण्याचा मोह मला अनावर होतो.

शिवार कुंपणांतून सुटले कसे, याचे उत्तर फारसे उदात्त नाही. गावात लॉर्ड मॅन्व्हर्स आणि लॉर्ड स्कारबरो असे दोन मोठे मालक होते, आणि वाटणी करावयाची म्हणजे दोघांचा सौदा जुळावयास हवा; तो जुळला नाही, दिवस जात राहिले, आणि पाहता पाहता हे जुने रान दुर्मिळ ठरले. १९५२ मध्ये मॅन्व्हर्सने ते शेतकी खात्याला विकले, १९८१ मध्ये खात्याने ते राजमुकुटाच्या मालमत्ता सांभाळणाऱ्या क्राउन इस्टेटकडे दिले, आणि २०२० मध्ये ते थोर्सबी इस्टेटकडे, म्हणजे मॅन्व्हर्सच्याच वारसांकडे, परत गेले. शेतकरी या साऱ्या काळात कुळे होती व आजही कुळेच आहेत.

वसंतात हे रान पाहावयास जाणाऱ्याने फुलांची अपेक्षा थोडी आवरून धरावी. एप्रिलमध्ये ब्लॅकथॉर्न आणि मे महिन्यात हॉथॉर्न पांढऱ्या फुलांनी लवून जातात खरे, परंतु ती शोभा कुंपणांची, आणि म्हणून शेजारच्या गावांची. मोकळ्या शिवारात वसंत ओळखावयाचा तो जमिनीच्या रंगांवरून: शरदात पेरलेल्या गव्हाचे एक रान आतापर्यंत घोट्याएवढे हिरवे झालेले असते, दुसरे नुकतेच कुळवून पेरलेले, तांबूस व उघडे असते, आणि तिसऱ्यावर वैरणीचे फिकट गवत असते. उंचवट्यावरून हे तीन रंग एका वेळी दिसतात, आणि तीन वर्षांची कालगणना डोळ्यांसमोर जागच्या जागी मांडलेली असते. वर आकाशात चंडोल गात असतो. या पक्ष्याला झाडझाडोरा नको, उघडे रान हवे. त्यामुळे कुंपणाच्या इंग्लंडात त्याची जी आबाळ होते ती येथे होत नाही. पाऊस वर्षाकाठी फार नव्हे, आमच्या पुण्याहूनही कमी; परंतु तो बारा महिन्यांवर इतका बारीक वाटून दिलेला असतो, की ‘पावसाळा’ अशी वस्तू तेथे नाही आणि कोरडा म्हणून भरवशाचा दिवसही नाही. चिकणमातीला एवढेसे पाणी पुरते; एप्रिलमध्ये माझ्या बुटांना चढलेले ते रान मुलीच्या घरच्या पायपुसण्यावर पुष्कळ दिवस वास्तव्य करून होते.

उन्हाळ्यात पाहण्यासारखी वस्तू म्हणजे साइक. शिवारातील ज्या ओघळींत आणि घळींत पाणी मुरून राहते व नांगर घालणे शक्य होत नाही, तेथे गवताच्या अरुंद पट्ट्या राखलेल्या आहेत. त्यांना हे नाव. कधीच नांगर न लागल्यामुळे व कधीच खत न पडल्यामुळे या पट्ट्यांत रानफुलांची जी दाटी होते ती आसपासच्या सुपीक जमिनीत शोधून सापडत नाही: जांभळी नॅपवीड, पिवळी व्हेचलिंग, पांढऱ्या पाकळ्यांची ऑक्स-आय डेझी, आणि त्यांच्यावर दुपारभर चाललेली मधमाश्यांची वर्दळ. शास्त्रीय महत्त्वाचे क्षेत्र म्हणून सरकारने या साइकांना संरक्षण दिलेले आहे. परंतु गावाने त्यांना संरक्षण दिले ते त्याच्या फार पूर्वी आणि निराळ्या कारणासाठी. ते गवत सामाईक मालकीचे. दर उन्हाळ्यात कापणीपूर्वी त्याचा लिलाव होतो, आणि येणारी रक्कम चराईचा हक्क बाळगणाऱ्या घरांत वाटली जाते. आमच्याकडील गायराने ज्या वेगाने कधी अतिक्रमणांत, कधी सरकारी इमारतींत नाहीशी झाली, तो वेग पाहिलेल्या माणसाने तेथे थोडा वेळ उभे राहावे, आणि जमल्यास हेवा करावा. जून अखेरीस सूर्य रात्री साडेनवापर्यंत मावळत नाही. तेव्हा उभे राहावयास वेळ भरपूर मिळतो.

ऑगस्टात गहू पिकतो. कापणीचे वर्णन मी लांबवीत नाही, कारण एक अवाढव्य यंत्र येते, धूळ उडवीत पट्ट्यामागून पट्टा गिळून जाते, आणि मागाहून काडाच्या गोल गुंडाळ्या होतात. त्यात लॅक्स्टनचे म्हणून वेगळे काही नाही. पूर्वी मात्र कापणी संपली म्हणजे गावाची संमती होऊन शिवार ‘मोकळे’ होत असे, आणि एका ठराविक दिवसापासून सर्वांची जनावरे त्या खुंटांत चरावयास सुटत. त्यांवर देखरेख करणारा गावाचा एक माणूस नेमलेला असे, आणि हद्द सोडणाऱ्या जनावराला तो कोंडवाड्यात घालीत असे. हा कोंडवाडा अजून शाबूत आहे, गावच्या डव्हकोट इन या खाणावळवजा पानगृहाच्या जवळच. आता त्यात जनावर जात नाही, आणि खुंटांवर सामाईक चराईही राहिलेली नाही.

यानंतरची गोष्ट नोव्हेंबराची, आणि माझ्या मते लॅक्स्टनला जावे ते याच महिन्यात, हवा वाईट असते तरीही. दुपारी चारच्या सुमारास अंधारून येते, झाडांची पाने गळून गेलेली असतात, स्कँडिनेव्हियातून आलेले फील्डफेअर पक्षी कुंपणांवरची तांबडी फळे उधळीत असतात, आणि गव्हाचे नवे रान नुकते उगवून सरींच्या रेघा स्वच्छ दिसू लागतात. बरोबर याच वेळी, पीक अंगठ्याएवढे आणि रेघा स्पष्ट असताना, गावच्या शेतकऱ्यांतून निवडलेले पंच गव्हाच्या शिवाराची तपासणी करतात. ट्रॅक्टरमागे जोडलेल्या गाडीत सारे बसतात. बरोबर हातोडा आणि लाकडी खुंट्यांचा भारा असतो. प्रत्येक पट्ट्याच्या टोकाशी उतरून ते सरी सरळ आहे की शेजाऱ्याकडे कलली आहे ते पाहतात, गरज पडल्यास मोजतात, मतभेद असल्यास मोठ्याने वाद घालतात, आणि मग खुंटी ठोकतात. वाटेपर्यंत कोणी नांगर लोटला का, साइकमध्ये कोणी घुसला का, चर साफ आहेत का, हे सारे टिपून घेतले जाते. ज्याची चूक असेल तो पुष्कळदा त्याच गाडीत बसलेला असतो, कारण पंच तेच आणि खातेदारही तेच. बोचऱ्या वाऱ्यात लांबून हे पाहताना मला पट्ट्यांमध्ये बांध का लागत नाही ते उमगले: दर वर्षी डझनभर शेजारी येऊन हद्द डोळ्यांनी पाहणार असतील, तर ती मातीत उभी करण्याचे फारसे कारण उरत नाही. तपासणीनंतर डव्हकोट इनमध्ये भोजन असते, आणि तेथे वाद पुढे चालू राहतो.

आठवड्याने त्याच पानगृहात कोर्ट लीट, म्हणजे जहागिरीची न्यायसभा, भरते. जहागिरीच्या मालकाच्या वतीने कारभारी अध्यक्षस्थानी बसतो, खातेदारांची हजेरी होते, सबब न कळविता गैरहजर राहणाऱ्यावर काही पेन्सचा दंड चढतो, पंचांचा अहवाल वाचला जातो, आणि ज्यांनी अतिक्रमण केले त्यांना दंड होतो. मग पुढील वर्षी गहू ज्या शिवारात येणार त्याच्यासाठी नव्या पंचांना शपथ दिली जाते. दंडाच्या रकमा लहान असतात; नाव सर्वांसमोर उच्चारले जाते, त्याची किंमत मात्र रकमेहून मोठी असावी असे ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यांवरून वाटते. हा सारा हौशी देखावा आहे असे कोणी समजू नये. १९७७ साली पार्लमेंटाने न्यायदानविषयक कायदा करून जहागिरींच्या जुन्या न्यायसभांचे अधिकार काढून घेतले, तेव्हा ज्या थोड्या अपवादांची कायद्यातच नावानिशी नोंद झाली त्यांत लॅक्स्टनचे कोर्ट लीट आहे. डेव्हनमध्ये ब्राँटन येथेही मोकळे शिवार उरले आहे; परंतु शिवाराबरोबर त्याचा न्याय करणारी मंडळीही टिकली ती येथेच. खातेदार कमी होत आहेत, तरुणांना चाळीस-पन्नास एकरांच्या विखुरलेल्या पट्ट्यांवर संसार चालविणे कठीण जाते, आणि मोठ्या यंत्रांना या अरुंद पट्ट्यांत वळण्याची अडचण होते, हे ती मंडळी स्वतःच सांगतात. त्यात तक्रारीचा सूर असतो, पण गाव सोडण्याचा नसतो.

परवानगी काढून मी त्या सभेला मागच्या बाकावर बसलो होतो. काम संपल्यावर एका वृद्ध शेतकऱ्याने, त्याच वर्षी साइकमध्ये हातभर नांगर घातल्याबद्दल ज्याचे नाव पुकारले गेले होते, माझी चौकशी केली, आणि मी शेतकऱ्यांच्या मुलखातला आहे असे कळल्यावर तुमच्याकडे हद्दीचा तंटा कसा मिटवितात, असे विचारले. मी त्याला क्रमाने सांगितले: आधी तलाठी, मग मंडल अधिकारी, मग तहसीलदार, मग भूमिअभिलेख खात्याकडून मोजणी, ती मान्य नसल्यास फेरमोजणी, मग दिवाणी दावा, मग अपील, आणि पक्षकार हयात असल्यास पुढचे अपील. त्याने सारे लक्षपूर्वक ऐकून घेतले, ग्लास खाली ठेवला, आणि विचारले, “आणि एवढा काळ ती वादातली पट्टी पेरतो कोण?”

“ज्याने कोरली, तो,” मी म्हणालो.